निळी ताडपत्री

टायरच्या दुकानामागे, रस्ता संपला असं वाटतं
आणि संपत नाही,
तिथून पायवाट निघते.
फाटकावर पाटी : कुत्रे दोरीला, सायकली सावकाश,
अस्वल दिसल्यास पळू नये.
खाली कुणीतरी खिळ्याने कोरलंय :
मग काय करावं?

मोंटानाचा ऑक्टोबर.
कॉटनवुडची पानं
मुरलेल्या लिंबाच्या फोडींसारखी पिवळी,
कडेला तपकिरी.
झाडीपलीकडून महामार्ग ऐकू येतो, ओढाही.
पहिल्या वळणापर्यंत दोघांचा आवाज एकच.
दुसऱ्या वळणावर ओढा जिंकतो.

हॅचरी म्हणजे तरी काय?
सिमेंटचे आठ लांब हौद, पत्र्याची शेड,
ओल्या लोखंडाचा वास,
आणि कठड्याला ठोकलेलं एक जुनं गोळ्यांचं यंत्र.
पंचवीस सेंटचं नाणं घाला, कान पिळा,
मूठभर खाद्य ओंजळीत.

एमेट हॉलिस्टर रोज येतो.
रेल्वेत सांधेवाला होता. कोटाचा खिसा
नाण्यांनी लोंबलेला.
डोरीन गेल्यापासून, म्हणतो,
लाँड्रीला एवढी लागत नाहीत.

तो वाकला की पाणी उकळतं.
खाद्य पडायच्या आधीच.
नुसती सावली पडायचा अवकाश,
शेकडो ट्राउट एकमेकांवर चढत
तोंडं वर काढतात, आ वासून,
पाठींवरचे ठिपके, पोटाची गुलाबी रेघ,
सगळं एका चिमटीच्या आशेने.
‘ओळखतात मला,’ एमेट म्हणतो.
मीही वाकले होते.
मलाही ओळखलं त्यांनी.
हे मी त्याला सांगितलं नाही.

शेवटच्या हौदावर मात्र निळी ताडपत्री,
कडांना विटा.
शाळेची सहल आलेली; त्यातला टोबिन,
ज्याच्या बुटाची नाडी सकाळपासून सुटलेली असावी,
विचारतो : हे शिक्षा झालेले आहेत का?

व्हर्ना स्टॉकी हसत नाही.
गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बोटं गारठून लाल.
‘हे शुक्रवारी तळ्यात सोडायचे.
माणूस दिसू देत नाही आम्ही यांना.
खाद्य नळीतून पडतं, वेळी-अवेळी, आडून.’
का?
‘कारण बाहेर सावली म्हणजे जेवण नसतं.
बाहेर सावली म्हणजे बगळा.’

टोबिन बराच वेळ विटांकडे बघतो.
मग तुम्ही त्यांना कधी भेटलाच नाहीत?

व्हर्नाने हातमोजा काढला, पुन्हा घातला.
‘अंड्यात होते तेव्हा.
मेलेली पांढरी पडतात, ती चिमट्याने वेचायची.
बाकीच्यांना हात लावायचा नाही.
तेवढीच.’

शाळेची बस गेली.
एमेट अजून कठड्याशी,
हातात नाणं, यंत्रात न घातलेलं.
मग तो पूर्ण हौदाला वळसा घालून
पलीकडे गेला, उन्हाला सामोरा,
म्हणजे सावली पाठीमागे गवतावर पडेल,
आणि तिथून, हात लांब करून,
एकेक दाणा सोडू लागला.
दाणे तरंगले.
कुणी आलं नाही.
तो थांबला. त्याला थांबता येतं;
मालगाड्यांनी शिकवलंय.

या हौदातले मासे कुठेच जायचे नाहीत,
पाहुण्यांना दाखवायलाच ठेवलेत जन्मभर.
व्हर्नाने ते त्याला सांगितलं नाही.
मीही नाही.

परतताना चार वाजलेले. खंड्या एक
तारेवरून खडखडत गेला.
लाकडी पुलावर माझी सावली
माझ्याआधी ओढ्यात उतरली,
आणि दगडाखाली काहीतरी, बोटाएवढं,
हललं,
दिसेनासं झालं.

शाबास, मी म्हणाले.
तोवर ऐकायला तिथे कुणी नव्हतं.